लोकप्रिय पक्ष, पक्षनिष्ठा आणि आपला प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'राजकीय पक्ष आणि आपण' असा विषय दिला. विषय ऐकून काहींच्या मनात येईल, विहारात आणि राजकारण? तर सुरुवातीलाच सांगतो, अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा, असे सांगण्यासाठी आम्ही उभे नाही. आमचा प्रश्न साधा आहे. एखादा पक्ष लोकांना मनापासून आवडतो, देशाच्या नावाने उभा राहतो, सत्तेवर बसतो. अशा पक्षाला हिशेब विचारायचा की नाही? आणि विचारणारा त्याच पक्षातला असेल तर त्याला गद्दार म्हणायचे की इमानदार?

हा प्रश्न हवेत सोडवता येत नाही. म्हणून एक खरा पक्ष आणि एक खरे प्रकरण घेऊ.

स्वातंत्र्यानंतरची काँग्रेस आजच्या तरुणांच्या डोळ्यांसमोर येणार नाही. त्या वेळी ती नुसता पक्ष नव्हती. लोक म्हणत, काँग्रेस म्हणजे देश. घराघरांत नेहरूंचा फोटो होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या. १९५७ साली ४९४ पैकी ३७१. आता गंमत बघा. दोन्ही वेळा मते निम्म्याहून कमी होती, पहिल्या वेळी सुमारे ४५ टक्के आणि दुसऱ्या वेळी सुमारे ४८ टक्के. पण जागा चारांत तीन! अशा सभागृहात विरोधी पक्षाने कितीही ओरडावे, सरकार पडणार नाही. मग अशा सरकारला विचारणार कोण?

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी केलेले समारोपाचे भाषण आपण दरवर्षी आठवतो. त्यात त्यांनी बजावले की धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग. हा भाग आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बाबासाहेबांनी तेथे काँग्रेस पक्षाच्या शिस्तीचे मोकळ्या मनाने कौतुक केले. त्या शिस्तीमुळे घटनेचा मसुदा सभागृहात सुरळीत पार पडला, असे ते म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले की सगळ्यांनीच पक्षशिस्त कडक पाळली असती, तर ही सभा नुसती होयबांची झाली असती. सुदैवाने सभागृहात काही बंडखोर होते! त्यांची नावे घेऊन बाबासाहेबांनी त्यांचे आभार मानले. त्यात एच. व्ही. कामत होते, आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, के. टी. शहा होते, पंडित कुंझरू होते. या लोकांनी बाबासाहेबांनाच सर्वांत जास्त प्रश्न विचारले होते. त्यांच्या सूचना आपण मान्य करू शकलो नाही, पण म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही, असे त्यांनी सांगितले. मंडळी, आपल्याला भंडावून सोडणाऱ्यांचे भर सभागृहात आभार मानणारा मसुदा समितीचा अध्यक्ष आठवा, आणि आजच्या एखाद्या पुढाऱ्याला त्याच्याच कार्यकर्त्याने सभेत प्रश्न विचारला तर काय होते तेही आठवा. जास्त बोलायची गरज नाही.

पुढची पायरी स्वतः बाबासाहेबांची. फाळणीनंतर १९४७ साली मुंबईतून घटना समितीवर त्यांची निवड झाली ती काँग्रेसच्या पाठिंब्याने. कायदामंत्रिपदही काँग्रेसच्याच मंत्रिमंडळात मिळाले. 'ज्यांनी बसवले त्यांच्याविरुद्ध कसं बोलायचं?' असे दुसरा कोणी म्हणाला असता. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये त्याची कारणे एकेक करून लोकांपुढे ठेवली. अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, काश्मीरचा प्रश्न, मंत्रिमंडळातील कामाची पद्धत, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे अर्ध्यावर सोडून दिलेले हिंदू कोड बिल. सभागृहात निवेदनाची प्रत आधी दाखवा, असा आग्रह झाला, तेव्हा ते बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांकडे दिले.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९५२ साली मुंबईतून ते काँग्रेसच्या उमेदवाराकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. घटनेच्या शिल्पकाराला लोकप्रिय पक्षाच्या लाटेने दोनदा घरी बसवले. लाट खरी होती, मतेही बहुतांशी खरी होती. पण म्हणून त्यांनी विचारलेले प्रश्न खोटे ठरले का? हिंदू कोडाचे तुकडे करून तेच कायदे १९५५ आणि १९५६ साली त्याच काँग्रेसला करावे लागले. तेव्हा लक्षात ठेवा, निवडणूक जिंकणे हे प्रश्नाचे उत्तर नसते.

आता येतो मूळ प्रकरणाकडे. हे आहे मुंधडा प्रकरण. जुन्या मंडळींना नाव आठवत असेल.

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपले एल.आय.सी., सुरू झाले. दोनशेहून अधिक खाजगी विमा संस्था सरकारने एकत्र केल्या. कारण काय? काही भांडवलदार विमेदारांचा पैसा आपल्या खिशातला समजून वापरत होते. हे लोकसभेत १९५५ साली उघड करणाऱ्यांत पुढे होते रायबरेलीचे काँग्रेसचे खासदार फिरोज गांधी. पंतप्रधान नेहरूंचे जावई. म्हणजे पक्षाचा माणूस, आणि घरचाही माणूस.

महामंडळ झाले. लोक म्हणाले, आता पैसा सुरक्षित. आणि एक वर्षही झाले नाही तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने कलकत्त्याचे शेअर-व्यापारी हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर्स विकत घेतले. त्यांत एक भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रूडास, मुंबईच्या कामगारांच्या ओळखीची. मुंधडा तेव्हा पैशाच्या अडचणीत होते. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, तिला विचारलेही नाही. हा पैसा कोणाचा? शिक्षकाचा, कारकुनाचा, गिरणी कामगाराचा, महिन्याच्या पगारातून काढून भरलेला हप्ता. बाप गेला तर लेकरांना मिळेल म्हणून ठेवलेला.

१९५७ च्या हिवाळ्यात फिरोज गांधींनी हे लोकसभेत मांडले. विरोधी पक्षाने मांडले असते तर 'विरोधकांचा कांगावा' म्हणून उडवून लावता आले असते. पण बोलणारा आपल्याच बाकावरचा. कागद घेऊन, आकडे घेऊन बोलणारा. कोणत्या दिवशी बाजारात भाव काय होता आणि महामंडळाने काय दिला, हे विचारणारा. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी, नेहरूंच्या विश्वासातले. तरी चौकशी नेमावी लागली.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग जानेवारी १९५८ मध्ये नेमला गेला. त्याचे काम मुंबईत उघड चालले. बंद खोलीत नाही. लोकांनी ऐकायला गर्दी केली. सरकारचे बडे सचिव, बँकांचे अधिकारी, खुद्द अर्थमंत्री साक्षीला आले, आणि सामान्य माणूस बाकावर बसून ते ऐकत होता. महिन्याभराच्या आत अहवाल आला! आज चौकशी समितीचा अहवाल वर्षानुवर्षे येत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. न्या. छागलांनी म्हटले की सचिवाने केले, मला ठाऊक नव्हते, असे म्हणून मंत्र्याला हात झटकता येणार नाहीत, घटनेप्रमाणे जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. मुंधडांना पुढे तुरुंगवास झाला.

आमच्या मते आता येते ती यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पक्षनिष्ठ माणसाचे पहिले म्हणणे काय असते? 'घरातलं भांडण बाहेर काढू नका, पक्ष बुडेल, शत्रूला फायदा होईल.' तर मग बघा, काँग्रेस बुडाली का? १९६२ साली निवडणूक झाली, काँग्रेसच्या ३६१ जागा आल्या. ३७१ वरून ३६१. एवढे मोठे प्रकरण झाले, अर्थमंत्री गेला, चौकशी चव्हाट्यावर झाली, तरी लोकांनी पक्षाला टाकले नाही. स्वच्छता केलेल्या घरात माणसे यायची थांबत नाहीत.

गोष्ट इथे सरळ संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. कृष्णम्माचारी १९६२ साली मंत्रिमंडळात परतले आणि पुन्हा अर्थमंत्री झाले. नेहरूंनाही ही चौकशी फारशी रुचली नव्हती. म्हणजे पक्षाला प्रश्न आवडला म्हणून चौकशी झाली असे नव्हे. विचारणाऱ्याने सोडले नाही म्हणून झाली. फिरोज गांधी ८ सप्टेंबर १९६० रोजी वारले. त्यांच्यामागे बाकावरून तसे विचारणारे विरळ झाले.

याच फिरोज गांधींनी आणखी एक काम केले होते. संसदेत जे बोलले जाते ते वर्तमानपत्राने खरेपणाने छापले तर त्याच्यावर खटला होऊ नये, असा कायदा त्यांनी खाजगी विधेयक आणून १९५६ साली करून घेतला. कारण सभागृहात विचारलेला प्रश्न चाळीतल्या, वस्तीतल्या माणसापर्यंत पोचला नाही तर त्याचा उपयोग काय?

आणि पुढे काय झाले? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. पक्ष तोच, काँग्रेस. पंतप्रधान इंदिरा गांधी, म्हणजे फिरोज गांधींच्याच पत्नी. पक्षाध्यक्ष देवकांत बारुआ यांनी इंदिरा म्हणजेच भारत असे जाहीर करून टाकले होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आणि फिरोज गांधींचा तो कायदा १९७६ साली रद्द झाला! पक्षातून विचारणारे उरले नव्हते, जे थोडे उरले त्यांतले काही तुरुंगात होते. मार्च १९७७ मध्ये मतपेटी उघडली तेव्हा काँग्रेसच्या जागा १५४, आणि रायबरेलीत, फिरोज गांधींच्याच जुन्या मतदारसंघात, पंतप्रधान स्वतः पराभूत. तो कायदा नंतर पुन्हा केला गेला आणि त्याचे तत्त्व १९७८ च्या घटनादुरुस्तीने घटनेतच घातले गेले.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. १९५८ साली पक्षाने प्रश्न सहन केला, पक्ष टिकला. १९७५ साली प्रश्न बंद केला, पक्ष आपटला. प्रश्न विचारणारा पक्षाचा वैरी असतो, हे कोणी सांगितले तर त्याला ही दोन सालं सांगा.

आता कोणी म्हणेल, 'साहेब, तुम्ही जुनं सांगता. आपल्या वस्तीचं बोला.' तेही बोलू.

आपल्याकडे पक्षनिष्ठा बहुतेक वेळा उपकाराच्या वाटेने येते. 'त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, आता कसं बोलायचं?' एक उदाहरण घ्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलती गेल्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. चांगले केले, ते मान्य करायला आम्हाला संकोच नाही. पण केंद्राच्या सवलती? त्या मिळाल्या १९९० साली, व्ही. पी. सिंगांचे सरकार आले तेव्हा. दीक्षेपासून ३४ वर्षे! त्यातली बहुतेक वर्षे दिल्लीत राज्य त्याच पक्षाचे होते ज्याला आपल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मते दिली. राज्यात जे न्याय्य ठरले ते दिल्लीत ३० वर्षे न्याय्य का ठरले नाही, हा प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. कृतज्ञता एका हातात आणि प्रश्न दुसऱ्या हातात, दोन्ही धरता येतात. नामांतराचेही तसेच. विधिमंडळाने ठराव केला २७ जुलै १९७८ रोजी, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली पंधरा-सोळा वर्षे कशी गेली, कोणाची घरे जळली, हे येथे बसलेल्या अनेकांना सांगायला नको. ते नाव ठरावाने लागले नाही, न थकता विचारणाऱ्यांनी लावले.

आपल्या स्वतःच्या पक्षांनाही हेच माप लागते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला, हजारो लोक तुरुंगात गेले. मग त्या पक्षाची शकले कशी झाली? पुष्कळ कारणे आहेत, पण एक कारण असे की गटातल्या माणसाला आपल्याच गटाच्या पुढाऱ्याला विचारायची सोय राहिली नाही. विचारायचे असेल तर बाहेर पडा आणि दुसरा गट काढा! जिथे प्रश्नाला जागा नसते तिथे फूट ही एकच वाट उरते.

आणि आजचा सत्ताधारी पक्ष? आज दिल्लीत भारतीय जनता पक्षाचे सरकार आहे, तोही राष्ट्राच्या नावाने उभा आहे, त्यालाही लोकांनी वारंवार निवडून दिले आहे. माप बदलत नाही. २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. पक्षाला कोणी किती पैसे दिले हे मतदाराला कळायचे नाही, अशी ती योजना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरवली आणि यादी उघड करायला लावली. सर्वांत मोठा वाटा सत्ताधारी पक्षाला गेल्याचे दिसले, आणि विरोधातल्या पक्षांनीही घेतल्याचे दिसले. त्या पक्षाला मानणारा माणूस येथे असेल तर आमचे त्याला एवढेच म्हणणे, तुम्हीच विचारा. फिरोज गांधी होण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे. आणि जो विरोधी पक्षाला मानतो त्याने आपल्या पक्षाच्या यादीबद्दल विचारावे.

आजच्या खासदाराला थोडे अवघड आहे, हे खरे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. आयाराम-गयाराम थांबावेत हा हेतू चांगला. पण पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर आता सदस्यत्व जाऊ शकते. सभागृहातला माणूस जेवढा बांधला गेला, तेवढी बाहेरच्या माणसाची, म्हणजे आपली, जबाबदारी वाढली.

येथे धम्माचा संबंध येतो, आणि तो ओढून आणलेला नाही. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला भिक्खुसंघात पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेला भिक्खू उठतो आणि संघाला विनवतो की माझा काही दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा कोणाला नुसती शंका असेल, तरी मला सांगा. मोठ्यानेही म्हणायचे, धाकट्यानेही म्हणायचे. खुद्द भगवान बुद्धांनीही संघापुढे बसून, माझ्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसतो का, असे विचारले, अशी नोंद आहे. जेथे बुद्ध विचारतात तेथे नगरसेवकाला, आमदाराला, पंतप्रधानाला विचारणे हा अपमान कसा होईल? बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले की भिक्खुसंघाला ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते. पवारणाही त्याच परंपरेतली. आणि कालामांना भगवंतांनी सांगितलेच आहे की हा आपला गुरू आहे, एवढ्यावर एखादी गोष्ट खरी मानू नका. मग हा आपला पुढारी आहे, एवढ्यावर कशी मानायची?

शेवटी, करायचे काय ते सांगतो. गावोगावच्या समाजमंदिरांवर 'अमुक खासदारांच्या निधीतून' अशा पाट्या दिसतात. १९९३ साली सुरू झालेल्या त्या योजनेत अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी १५ टक्के ठेवण्याचे तत्त्व आहे. तो पैसा खासदारांच्या घरचा नाही, आपल्या कराचा आहे. किती मंजूर झाला, किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा कायदा महाराष्ट्रात आधी आला, मग २००५ साली देशाला मिळाला. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ज्या पक्षाला आपण मत दिले त्याच्याविषयी अर्ज आधी करा, मग दुसऱ्यांविषयी. प्रचाराला पुढारी येईल तेव्हा त्याला चहा द्या, मान द्या, 'बसा भाऊ' म्हणा, आणि मग मागच्या पाच वर्षांचा कागद पुढे ठेवा. आवाज चढवू नका, आकडा काढा. फिरोज गांधींनी तेच केले होते.

आणि आपल्यातल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने आपल्याच लाडक्या पक्षाविषयी अवघड प्रश्न विचारला, तर त्याला विकला गेलास म्हणू नका. त्याला बसायला जागा द्या आणि त्याचे ऐका. पक्ष येतील आणि जातील. विचारणारी माणसे वस्तीत टिकली तर आपले हक्क टिकतील.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!